पाव आटा

सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय धना,

शाळेतला चिंचेखालचा नळ तुला आठवतो का? दाबून धरला तरच चालणारा. एकीने दाबायचा, दुसरीने ओंजळीने प्यायचं. माझी ओंजळ तोंडाशी आली की तू हमखास हात काढून घ्यायचीस आणि वर म्हणायचीस, सॉरी हं, हात दुखला. चौथीत असताना एकदा त्या नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी सहज दाबून पाहिला आणि धार आली. मी आनंदाने काहीतरी ओरडले. काय ते आता आठवत नाही, पण कन्नडमध्येच असणार, कारण घंटा झाल्यावर सिस्टरांनी माझं नाव घेतलं आणि ती पत्र्याची चकती माझ्या गळ्यात आली. 'व्हर्नॅक्युलर'मधलं 'व्ही' हे अक्षर कोरलेली. इंग्रजी सोडून दुसरं काही बोललीस, तर घाल गळ्यात, आणि दुसरी कुणी सापडेपर्यंत वागव.

नळाशी आपण तिघीच होतो. तू, मी आणि शाळेच्या स्वयंपाकीण मावशींची गुरम्मा. चुगली कुणी केली हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. पुढचा आठवडाभर मी तिला सोडलं नाही. रोज तिला काहीतरी विचारायचं, गडबडीत तिच्या तोंडून कन्नड निघायचं, की लगेच सिस्टरांकडे. सोमवार ते शनिवार सहा वेळा तिचं नाव वहीत गेलं. पुढच्या सोमवारी ती शाळेत आली नाही, ती नाहीच.

हे आज का लिहिते आहे सांगू? माझं कुणी नुकसान केलं तर मी काय करू शकते, हे माझं मलाच आठवावं म्हणून.

तू पाठवलेल्या त्या मल्लिकार्जुनने डिसेंबरात माझ्या न्हाणीघराची नळाची लाइन बदलली. रस्त्यावरून येणारा जुना लोखंडी पाइप आणि आतला नवा प्लास्टिकचा पाइप जिथे भेटतात तो जोड भिंतीत आहे. त्याच भिंतीला पलीकडून ह्यांच्या खोलीतलं कपाट आहे. तो जोड गळतो आहे. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी सुटतं, दोन-अडीच तास. म्हणजे गळती पाचव्या दिवशीच, तीही भिंतीच्या आत, आणि वरून नवी गुळगुळीत फरशी. मला दिसणार कशी? पाणी दोन महिने पलीकडच्या कपाटात उतरत राहिलं.

त्या कपाटात ह्यांनी वाळवून ठेवलेल्या झाडापाल्याचे कागद होते. दोनशे सात. तुला माहीत आहेत ते. तीस वर्षं दर रविवारी माळावर फिरून ह्यांनी एकेक गवत, एकेक फूल आणलं, दाबलं, कागदावर शिवलं आणि खाली आपल्या अक्षरात नाव लिहिलं. सोळा तारखेला ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. त्या दिवशी ते कागद कॉलेजला द्यायचे ठरले होते. कॉलेजने एक कपाट मोकळं करून ठेवलं आहे. काल पुसायला म्हणून मी दार उघडलं. धना, आधी वास आला. मग हात घातला तर कागद लगद्यासारखा हातात आला. शाई सगळी पसरलेली. ह्यांचं अक्षर निळं पाणी होऊन फळीवरून खाली ओघळलं होतं.

मल्लिकार्जुन फोन उचलत नाही. नको उचलू दे. आपल्या शाळेच्या वसतिगृहाची सगळी पाइपलाइन बदलायची आहे आणि ते काम त्याला मिळावं म्हणून तुझ्या सांगण्यावरून मी सिस्टरांकडे शब्द टाकणार होते. आता टाकते शब्द.

तुझी
गिरिजा


दुधनी
१४ फेब्रुवारी २०२५

गिरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चहा गार झाला. महादेवप्पांचे कागद गेले, यावर मी काय लिहू? मला त्यांनी एकदा आमच्या शेताच्या बांधावर बसवून एका गवताच्या कुसळाबद्दल अर्धा तास सांगितलं होतं. माझे कान तेव्हा शाबूत होते, तरी मी निम्मं ऐकलं नाही, याचं आज वाईट वाटतं. आता तर फोनवर कुणी रडलं काय नि हसलं काय, मला सारखंच. म्हणून तर आपल्या दोघींचं हे पत्रांचं खूळ टिकलं.

पण मल्लूबद्दल घाई करू नकोस. त्याचा हात चांगला आहे. आमच्या डाळ मिलची लाइन त्याने केली त्याला सहा वर्षं झाली, एक थेंब नाही. फोन उचलत नाही कारण तो तिकडे इंडीच्या बाजूला कामाला गेलाय, तिथे रेंज नसते. मी निरोप धाडलाय.

शाळेला एवढ्यात काही लिहू नकोस, माझं ऐक. वसतिगृहाचं काम मिळालं तर वर्षभर तो बायको-पोरीसह सोलापुरात राहणार आहे. पोरगी चौथीत आहे, तिला त्याच शाळेत घालायचं त्याच्या मनात आहे. हे त्याचं एकट्याचं स्वप्न नाही, त्याच्या आईचंही आहे. त्या माऊलीसाठी माझ्या हातून एवढं एक व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. का, ते भेटीत सांगेन.

लगद्यातून काही वाचतंय का बघ. पंख्याखाली नको, सावलीत वाळव.

धना


सोलापूर
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय धना,

तुझं पत्र वेळेत पोचलं. तरीही मी लिहिलं.

आधी पुरावा सांगते. गल्लीतल्या बसप्पांना बोलावून भिंत फोडून घेतली. म्हातारे गृहस्थ आहेत, चाळीस वर्षं हेच काम केलेले. जोड उघडा पडल्यावर त्यांनी त्यावर नुसती दोन बोटं ठेवली आणि तो फिरला. मला म्हणाले, "बाई, ह्यो फुटलेला न्हाय. निस्ता हातानं लावून सोडलाय. पाव आटा आजून बसला आस्ता की. पाना लागलाच न्हाय ह्याला."

पाव आटा! म्हणजे एका माणसाला मनगट एवढंसं फिरवायचा कंटाळा आला आणि माझ्या नवऱ्याची तीस वर्षं वाहून गेली. वर ते झाकायला लगेच भिंत बुजवून फरशी लावून घेतली. कंटाळा मी माफ केला असता. झाकणं नाही करणार.

बसप्पांनी तो जोड कापून काढला आणि नवा बसवला. जुना मी पोह्यांच्या डब्यात ठेवला आहे. रोज एकदा उघडून बघते.

मग मी आपल्या सिस्टरांनी घटवून घेतलेलं अक्षर काढलं. इंग्रजीत, समासाची रेघ मारून, एकही खाडाखोड न करता, दीड पान लिहिलं. हा माणूस जोड अर्धवट सोडतो आणि जाणूनबुजून भिंतीआड लपवतो, ज्या घरात लहान मुली झोपतात तिथे त्याला येऊ देऊ नये, असं. ते पत्र पोस्टाने नाही पाठवलं. रिक्षा करून गेले आणि आताच्या सिस्टरांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, हल्ली असं अक्षर बघायला मिळत नाही. मी म्हटलं, या शाळेनेच दिलं.

परत येताना मुद्दाम चिंचेपाशी गेले. नळ नाही आता. थंड पाण्याचं स्टीलचं यंत्र आहे.

तू त्याच्या आईचं लिहिलंस. तुझ्याकडे स्वयंपाकाला येणारी वगैरे असेल. तुझा जीव असाच कुणावरही बसतो. पण मला तिचं काय? मला त्याचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नाही. आठवते ती त्याची हत्यारांची पिशवी. तिच्या बंदाला पत्र्याचा एक गोल तुकडा बांधलेला होता, तो चालताना वाजायचा. हे असते तर त्याला बसवून चहा दिला असता आणि आधी त्या तुकड्याची चौकशी केली असती.

वाचले ते एकसष्ट कागद, वरच्या फळीवरचे. त्यांनाही ओल चढली आणि शाई गेली. एक गंमत मात्र आहे. हे प्रत्येक नावाखाली पेन्सिलीने कन्नड नाव लिहायचे. ती पेन्सिल जशीच्या तशी राहिली आहे. म्हणजे मला वाचता येत होतं ते सगळं गेलं आणि जे कधीच आलं नाही तेवढं उरलं.

गिरिजा


दुधनी
२३ फेब्रुवारी २०२५

गिरे,

बाकीचं नंतर. मल्लू परवा आला. तो म्हणतो, भिंत बुजवायच्या आधी मी अक्कांना फोन केला होता, त्यांना विचारूनच बुजवली. हे तू मला लिहिलं नाहीस.

त्याने काय विचारलं आणि तू काय म्हणालीस, ते शब्दाला शब्द लिही. तुला कसं ऐकू आलं तसंच.

धना


सोलापूर
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय धना,

तू वकील कधीपासून झालीस?

लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. हो, फोन आला होता. बसवलेल्या जोडाची भिंत त्याने उघडीच ठेवली होती, जाताना पाण्याबद्दल कन्नडमध्ये काहीतरी म्हणालाही होता. गुरुवारी पाण्याचा दिवस होता, पण त्या दिवशी सुटलं नाही, शुक्रवारी सुटलं. फोन गुरुवारी सकाळी आला. त्याच्या मागे सनई वाजत होती आणि माणसांचा गलका होता. त्या गलक्यातून तो ओरडून म्हणाला, "अक्का, नीर बंदावेन्री?"

तुम्ही लोक आपल्यातल्या म्हणून माझ्याशी कन्नड बोलायला जाता, हे मला सवयीचं आहे. पहिल्या दिवशीही तो तसंच काहीबाही बोलला होता आणि मी मान हलवली होती. पासष्टीच्या लिंगायत बाईने एका कामगाराला काय सांगायचं, की मला माझी भाषा येत नाही? पण नीर म्हणजे पाणी आणि बंद म्हणजे बंद, एवढं मला कळतं. मी म्हटलं, हो. मग त्याने विचारलं, "येल्ला बरोबर अद?" बरोबर म्हणजे बरोबरच. मी म्हटलं, हो, बरोबर. पाणी बंद आहे, सगळं बरोबर आहे. झालं. संध्याकाळी फरशीवाला आला आणि भिंत बुजवून गेला.

यात माझं काय चुकलं ते दाखव. पाणी बंद आहे म्हटल्यावर कुठला शहाणा जोड न तपासता भिंत बुजवायला सांगेल?

आता तुला आवडणार नाही अशी बातमी. सिस्टरांचं उत्तर आलं. त्यांनी त्याचं नाव यादीतून काढलं. काम कुणाला द्यायचं ते एकतीस मार्चला ठरणार आहे. ते वाचून मला सोळा तारखेनंतर पहिल्यांदा नीट जेवण गेलं. हे मी लपवणार नाही.

गिरिजा


दुधनी
३ मार्च २०२५

गिरिजाअक्का यांना मल्लिकार्जुनचा नमस्कार.

धनाअक्का म्हनल्या तुजं तूच लिव, म्हनून लिवतोय. माजं शिक्षन सातवी. अक्षर वाईट हाय, समजून घ्या.

जुन्या लोखंडाला नवं प्लास्टिक जोडताना मी एकदम पाना लावत न्हाय. आदी आवळलं तर प्लास्टिक चिरतंय. हातानं बसवतो, भिंत उघडी ठिवतो आनि पानी सुटलं की भरल्या पायपात शेवटचा पाव आटा देतो. कुटं पाझरतंय ते तवाच दिसतंय. हे मी तुमाला जाताना सांगितलं हुतं. तुमी मान हलवली.

गुरवारी मी फोन करून इचारलं, पानी आलं का. तुमी म्हनला व्हय. मी म्हनलं समदं बरोबर हाय का. तुमी म्हनला बरोबर हाय. मला वाटलं पानी आलंय आनि जोड कोरडा हाय, हाताचंच पुरलं. म्हनून फरशीवाल्याला बुजव म्हनलं.

माजी चूक एक हाय. पान्याच्या दिवशी मी सोता यायला पायजे हुतं. म्हेवन्याचं लगीन हुतं, म्हनून फोनवर भागवलं. जोड फोनवर तपासायची चीज न्हाय. ही चूक मी कुनापुडंबी कबूल करीन. पन मी जानून लपवलं आसं तुमी शाळंत लिवलं, ते खरं न्हाय. तेवडं एक वाक्य लई लागलं.

सायबांच्या कागदांचं मला लई वाईट वाटतंय. काम चालू आस्ताना तुमी मला एक कागद दावला हुता, तरवडाचा. मी म्हनलं आमी ह्याला कन्नडात तंगडी म्हन्तो, तर तुमी लई हसला हुता. खालचं कन्नड मला वाचता आलं न्हाय. माजी आई वाचती.

भिंतीचं काम मी परत करून देतो. बोलवा आगर नका बोलवू.

मल्लिकार्जुन


दुधनी
५ मार्च २०२५

गिरे,

मल्लूचं पत्र तुला मिळालं असेल. आता माझं. हे लिहायला मी दोन दिवस घेतले आणि देवघरात बसून लिहिते आहे, म्हणजे खोटं लिहिलं जाणार नाही.

बंदाव म्हणजे बंद नव्हे गं. बंदाव म्हणजे आलं. तो विचारत होता, अक्का, पाणी आलं का? आणि नळ कोरडा असताना तू म्हणालीस, हो.

तू म्हणतेस, त्या दिवशी शाळेच्या नळाशी मी काय ओरडले ते आठवत नाही. मला आठवतं. पंचावन्न वर्षांत एक दिवस विसरले नाही. ओंजळ डोक्यावर धरून तू ओरडलीस, "नीर बंदाव! नीर बंदाव!" हेच दोन शब्द. ते तुझ्या तोंडून निघाले म्हणून तुला चकती मिळाली, आणि त्या चकतीने ते तुझ्याकडून असे काढून घेतले की म्हातारपणी फोनवर ऐकू आले तरी तुला ओळखू आले नाहीत.

आणि चुगली गुरम्माने केली नव्हती. त्या दिवशी सकाळपासून चकती माझ्या गळ्यात होती. पेटीकोटात सरकवली होती, तुला दिसू नये म्हणून. मामाच्या घरी राहून शिकत होते मी. चकती घेऊन घरी गेले असते तर मामा शाळा बंद करायला टपलेलाच होता. तू ओरडलीस आणि मी पळत जाऊन सिस्टरांना तुझं नाव सांगितलं. नंतर तू मला विचारलंस, कुणी सांगितलं गं? मी बोलले नाही. फक्त गुरम्माकडे बघितलं. नुसतं बघितलं, गिरे. बाकी सगळं तू केलंस.

सहा वेळा नाव गेलं म्हणून तिची फी-माफी गेली. तिच्या आईने तिला इथे दुधनीला आजोळी आणून सोडलं आणि तिने कन्नड शाळेत नाव घातलं. शनिवारी जाताना चकती तिच्या गळ्यातच राहिली होती. परत मागायला कुणी आलं नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तिच्या नळाच्या चावीला ती लटकवलेली पाहिली. आता तिच्या मुलाच्या पिशवीला आहे. त्याला वाटतं, आईच्या शाळेचं बक्षीस आहे. तिने त्याला तसंच सांगितलंय.

मल्लू गुरम्माचा मुलगा. तुझ्या घरी त्याला मी मुद्दाम धाडलं. तुझ्या शब्दावर त्याला शाळेचं काम मिळावं आणि गुरम्माच्या नातीने त्याच फाटकातून आत जावं, एवढंच माझ्या मनात होतं. मी काही न बोलता सगळं नीट होईल असं वाटलं होतं. पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

धना


सोलापूर
२४ मार्च २०२५

धना,

उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. दोन आठवडे तुझं पत्र त्या पोह्यांच्या डब्यात, जोडाशेजारी ठेवलं होतं. तुझ्यावरचा राग मल्लिकार्जुनवर होता त्यापेक्षा मोठा आहे आणि तो उतरलेला नाही, हे आधीच लिहून ठेवते. तू मला फक्त चकती दिली नाहीस. शाळेची चिठ्ठी घरी आली आणि आप्पांनी घरात कन्नड बंद केलं. अज्जीला दुसरं काही येत नव्हतं. शेवटची चार वर्षं ती माझ्याशी हातवारे करून बोलली. लग्नानंतर नणंदा हसल्या की मी उशिरा हसायची. ते ह्यांच्या लक्षात आलं, म्हणून हे रात्रीच्या जेवणाला त्यांच्याशी मराठीत बोलायला लागले. आणि ते पेन्सिलीने जे लिहायचे ते मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर येत नाही हे म्हणावं लागलं असतं.

तू नुसतं बघितलंस, हे खरं. सहा दिवस मी केले, हेही खरं. ते मी तुझ्यावर ढकलणार नाही. मल्लिकार्जुनकडे तर कुणी नुसतं बघूनही दाखवलं नव्हतं. तिथे मी एकटीच होते.

परवा पाणी आलं. मी न्हाणीघरात उभी राहून जोडावर हात ठेवला. कोरडा होता. घरात कुणी नव्हतं. मी हळूच म्हणून बघितलं, नीर बंदाव. ते शब्द घशात कुठे अडले नाहीत. मला वाटलं होतं अडतील.

मी शाळेत जाऊन आले. माझं पत्र परत मागितलं. सिस्टर म्हणाल्या, फाईलला लागलेला कागद काढता येत नाही, पण त्याच्यावर दुसरा लावता येतो. म्हणून दुसरा लिहिला आहे. शाळेला आयुष्यात पहिल्यांदा मराठीत लिहिलं. जोड सैल राहिला तो माझ्या 'हो'मुळे, त्या माणसाने काही लपवलं नाही, त्याची चूक एवढीच की तो स्वतः आला नाही, आणि ती त्याने स्वतःहून लिहून दिली आहे. त्याचं पत्र सोबत जोडलं आहे. यादीत नाव परत घेतील की नाही, ते सांगता येत नाही. सिस्टरांनी शब्द दिलेला नाही.

हे पार्सल रजिस्टर करून पाठवते आहे. आतल्या वस्तू कुणाला द्यायच्या ते नीट वाच आणि एकही इकडची तिकडे करू नकोस.

शाळेचं पाकीट मल्लिकार्जुनला दे. ते मुद्दाम चिकटवलेलं नाही. आधी त्याने वाचावं आणि मग एकतीसच्या आत स्वतः नेऊन सिस्टरांच्या हातात द्यावं. पहिलं पत्र मी त्याच्या पाठीमागे दिलं होतं. हे त्याच्या हातूनच जाऊ दे.

फडक्यात गुंडाळलेला जोडही त्याचाच. त्याने तो फिरवून बघावा. चिरलेला नाही, त्याचं काम बरोबर होतं, फक्त राहिलं होतं. आणि भिंत परत करायला ये म्हणावं. बसप्पांनी काम चोख केलं आहे, पण फरशी अजून लावलेली नाही. ती मी त्याच्यासाठी ठेवली आहे. यावेळी पाण्याच्या दिवशी ये म्हणावं, आणि फोन करू नकोस म्हणावं.

एकसष्ट कागद गुरम्माचे. मोठ्या फाईलमध्ये आहेत, प्रत्येकामध्ये कोरा कागद घातला आहे. तिला सांग, खालची पेन्सिल वाचणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. तिने वाचावं आणि नातीने मराठीत उतरवून घ्यावं. मग ते कॉलेजला जातील, आणि कपाटावर ह्यांच्या नावाखाली ज्यांनी वाचून दिले त्यांचं नाव लागेल. कॉलेजशी मी बोलले आहे. तिला हे करायचं नसेल तर करू नये. कागद तरीही तिच्याकडेच राहतील. तरवडाचा सगळ्यात वर ठेवला आहे.

तुझ्यासाठी पार्सलमध्ये काही नाही. तुझी वस्तू मल्लिकार्जुनच्या पिशवीला आहे. ती चकती गुरम्माला विचारून सोडून घे आणि तुझ्या गळ्यात घाल. पदराआड लपवायची नाही. सुना विचारतील, गल्ली विचारेल, त्यांना काय ते सांग. मी पाच एप्रिलला सकाळच्या गाडीने येते आहे, तोपर्यंत उतरवायची नाही.

दारात उभी राहून मी पहिलं वाक्य कन्नडमध्ये बोलेन. चुकेल. तुझ्या कानांना ऐकू येणार नाही, तरी माझ्या ओठांकडे बघ, आणि मग ती चकती काढून माझ्या गळ्यात घाल. ती गुरम्माच्या घरापर्यंत मी नेईन. तिथे ती मी गुरम्माच्या हातात देईन, आणि तिने ती विहिरीत टाकली तर तू मध्ये बोलायचं नाहीस.

गिरिजा